नक्षीदार जुन्या बंदुका: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

दसरा जवळ आला की आमच्याकडे फोटो यायला सुरुवात होते. ग्वाल्हेरच्या लष्करातल्या, दाणाओळीतल्या, बाड्याच्या आसपासच्या जुन्या मराठी घरांतून पेट्या उघडतात, शस्त्रं पूजेला निघतात, आणि मग कुणाचा तरी भाचा मोबाईलवर फोटो काढून पाठवतो, "काका हे काय आहे, कितीचं असेल?" कितीचं ते आम्ही सांगत नाही, पण त्यावर काय काढलंय आणि का काढलंय हे सांगायला आम्हाला आवडतं. तेच तेच प्रश्न येतात म्हणून एकदाचं लिहून टाकलंय. आधी वाचा, मग फोटो पाठवा.

१. मला सगळ्या जुन्या बंदुका सारख्याच दिसतात. नक्षी बघायची म्हणजे नेमकं काय बघायचं?

नक्षी काय आहे ते नंतर बघा, आधी ती कुठे आहे ते बघा. हिंदुस्तानी बंदुकीत काम बहुतेक तीन ठिकाणी जमा झालेलं असतं: नळीचं तोंड, नळीचा मागचा जाड भाग जिथे काना (बारूद पेटवायचं बारीक भोक) असतो, आणि दस्त्याच्या, म्हणजे लाकडी भागाच्या, दोन्ही बाजूंच्या पट्ट्या. मधली नळी बऱ्याचदा साधी सोडलेली दिसते आणि लोकांना वाटतं कारागिराचे पैसे संपले, पण तसं नसतं, तिथे पोलादच दाखवायचं असतं (ते प्रश्न ४ मध्ये). तोंड समोरच्याला दिसतं, मागचा भाग नेम धरताना मालकाच्या डोळ्यासमोर येतो, आणि दस्त्याच्या बाजू दरबारात हुजऱ्या बंदूक घेऊन मागे उभा राहिला की सगळ्यांना दिसतात. म्हणजे कोण बघणार हे ठरवूनच काम केलेलं असतं. हे एकदा लक्षात आलं की पुढचं सगळं सोपं जातं.

२. तोडेदार, चकमकी, टोपीची, ठासणीची... दोन ओळीत फरक सांगा ना.

ठासणीची म्हणजे तोंडाकडून बारूद आणि गोळी टाकून गजाने ठासायची, यात पुढचे तिन्ही प्रकार आले. तोडेदारमध्ये जळती वात, म्हणजे तोडा, चाप ओढला की रंजकेवर (कान्यापाशी ठेवलेल्या बारीक बारुदीवर) टेकतो. चकमकीत गारगोटी पोलादावर आपटून ठिणगी पडते. टोपीचीत छोटी तांब्याची टोपी असते आणि घोडा तिच्यावर पडला की पेट घेतो, ही १८२० नंतरची गोष्ट. युरोपात १७०० च्या सुमारास चकमकी आली आणि तोडेदार मागे पडली, आपल्याकडे मात्र तोडेदार एकोणिसाव्या शतकातही जोरात चालू होती कारण ती गावच्या लोहाराला दुरुस्त करता यायची, स्प्रिंगची भानगड नाही, वात कुठेही वळून मिळते. म्हणून नुसती तोडेदार आहे एवढ्यावरून "अकबराच्या काळातली" म्हणू नका, ती तुमच्या खापरपणजोबांच्या वेळची सुद्धा असू शकते.

३. नळीवरचं सोनेरी काम खरं सोनं असतं का? आणि ते बसवतात कसं?

बहुतेक वेळा खरं सोनं असतं पण फार थोडं. तीन पद्धती आहेत आणि तिन्ही वेगळ्या ओळखता येतात.

सगळ्यात जास्त दिसते ती कोफ्तगिरी. पोलादावर आधी बारीक बारीक आडव्या-तिरप्या रेघा मारतात, पृष्ठभाग किसणीसारखा खरखरीत करून घेतात, मग त्यावर केसासारखी सोन्याची नाहीतर चांदीची तार पाहिजे त्या आकारात वळवत हलक्या हातोडीने बसवत जातात, नंतर थोडी आच देऊन अकीकाच्या दगडाने घोटतात. खरखरीत जागेत सोनं अडकून बसतं, बस एवढंच, खाली खोदलेलं काही नसतं. म्हणूनच कोफ्तगिरी झिजते, आणि जिथे झिजली तिथे भिंग लावून बघितलं तर त्या जाळीच्या रेघा दिसतात. रेघा दिसल्या तर खूश व्हा, काम खरं आहे.

दुसरं तहनिशान. यात खोबण खोदतात, तिच्या कडा आतून थोड्या रुंद ठेवतात आणि जाड तार ठोकून भरतात, ती मग हलत नाही. बोट फिरवलं तर सपाट लागतं, किंवा मुद्दाम थोडं वर उठवलेलं असतं. याला वेळ आणि सोनं दोन्ही जास्त लागतं, त्यामुळे हे काम असलेली बंदूक साध्या शिलेदाराची नसणार एवढं समजून घ्या.

तिसरा पाऱ्याचा मुलामा. सोनं पाऱ्यात कालवून लावायचं आणि तापवून पारा उडवायचा. दिसायला एकसारखं पिवळं, पण ते करणाऱ्याच्या फुप्फुसांचं काय होत असेल ते विचारू नका.

सोनं आणि चांदी दोन्ही एकत्र असलं की त्याला गंगा-जमनी म्हणतात. सियालकोटजवळचं कोटली लोहारां, जयपूर, अलवर, उदयपूर ही या कामाची नावाजलेली ठिकाणं, आणि उदयपुरात शिकलगारांची घरं आजही कोफ्तगिरी करतात. आता ते बंदुकांवर नाही, कट्यारी-तलवारींच्या मुठींवर करतात, पण हात तोच.

४. नळीवर पाण्यासारखी वळणं दिसतात. रंगवलंय की गंज आहे?

दोन्ही नाही, ते पोलादाचंच आहे. लोखंड आणि पोलादाच्या पट्ट्या एकत्र पिळून, त्या पिळाच्या पट्टीला सळईभोवती गुंडाळत, तापवत, ठोकत नळी तयार करायची. मग हिराकशीच्या पाण्याने धुतली की एक धातू काळपट होतो, दुसरा उजळ राहतो आणि आतला पीळ वर येतो. याला जौहर म्हणतात. अकबराच्या दरबारातल्या अबुल फजलने आईन-ए-अकबरीत लिहून ठेवलंय की आधी पत्रा जोडून केलेल्या नळ्या फुटायच्या, मग लोखंड चपटं करून तिरपं गुंडाळत नेऊन सांधे एकावर एक चढवायची पद्धत आली. म्हणजे ही वळणं मुळात नळी फुटू नये म्हणून आली आणि मग सुंदर दिसतात म्हणून लोक मिरवायला लागले. त्याच पुस्तकात एका बैलाच्या चाकाचं वर्णन आहे ज्याच्यावर एका वेळी १६ नळ्या आतून साफ व्हायच्या. कारखानाच की हो.

वळणं दिसतायत म्हणजे नळी कुणी घासून पांढरी केली नाही, देवाची कृपा. प्रश्न १५ वाचल्याशिवाय काही लावू नका.

५. नळीचं तोंड वाघाचं, मगरीचं का करतात? नुसतं घाबरवायला?

घाबरवायला आहेच, पण गंमत अशी की बार उडाला की आग आणि धूर खरोखरच त्या जबड्यातून बाहेर येतो. म्हणजे शिल्प अपुरं असतं आणि बार उडवल्यावर पूर्ण होतं. वाघ, सिंह, मकर, कधी याळी (सिंहासारखा काल्पनिक प्राणी), हे सगळे देवळाच्या दारावर नाहीतर पाण्याच्या पन्हाळीवर सुद्धा बसवलेले असतात, उंबरठ्याचे राखणदार. नळीचं तोंड हाही एक उंबरठाच.

याचं सगळ्यात दांडगं उदाहरण बंदूक नाही, तोफ आहे, विजापूरची मुलूख-ए-मैदान. ती ओतली अहमदनगरला, १५४९ मध्ये, मुहम्मद बिन हुसेन रूमी नावाच्या उस्तादाने. तिचं तोंड उघड्या जबड्याच्या सिंहाचं आहे आणि दातांत हत्ती चिरडला जातोय. त्या काळी रणांगणावर सगळ्यात जड, सगळ्यात भारी गोष्ट हत्ती, आणि तोफ म्हणते मी तोही खाते. यापेक्षा सरळ जाहिरात काय पाहिजे! औरंगजेबाने १६८६ मध्ये विजापूर घेतलं तेव्हा तिच्यावर आपलाही लेख कोरून घेतला. ज्याने जिंकलं त्याला तिच्यावर नाव टाकल्याशिवाय चैन पडेना.

हातातल्या बंदुकीत हेच छोटं होऊन येतं. कधी पूर्ण वाघाचं डोकं, कधी नुसते दोन डोळे आणि कान, आणि नेमाची माशी म्हणून वाघाच्या कपाळावर बसवलेला एक मणी किंवा पक्षी.

६. आमच्या बंदुकीवर वाघ आहे, म्हणजे ती टिपू सुलतानची का?

नाही. हा प्रश्न इतक्या वेळा येतो की आता आम्ही सरळ या नंबरची लिंक पाठवतो.

वाघ सगळ्यांनी वापरला, राजपुतांनी, दख्खनच्यांनी, मराठ्यांनी. टिपूचं वेगळं काय तर त्याच्याकडे अख्खा वाघ लागत नाही, वाघाचा पट्टा पुरतो. तो एस अक्षरासारखा वळलेला, मधे फुगीर पट्टा, त्याला बबरी म्हणतात, तो त्याच्या बंदुकीच्या नळीवर, चांदीच्या पट्ट्यांवर, कपड्यांवर, भिंतींवर, सैनिकांच्या अंगरख्यावर सगळीकडे होता. शिवाय श्रीरंगपट्टणमच्या चकमकी बंदुकांमध्ये घोडाच वाघाच्या आकाराचा आणि कुठेतरी अक्षरांनीच वाघाचा चेहरा काढलेला, वाचलं तर "असदुल्लाह अल-गालिब" म्हणजे ईश्वराचा सिंह विजयी. ४ मे १७९९ ला तो पडल्यावर इंग्रजांनी लूट वाटून नेली, त्यामुळे चांगल्या चांगल्या वस्तू आज इंग्लंडमध्ये आहेत. ग्वाल्हेरच्या माळ्यावर ती सापडण्याची शक्यता, माफ करा, फार कमी.

७. फुलं, मासा, सूर्य, नाग, हरणामागे चित्ता... यांचे ठरलेले अर्थ आहेत का? तक्ता मिळेल का?

तक्ता मिळणार नाही, मागू नका. कारण एकच फूल एकीकडे अर्थाने येतं आणि दुसरीकडे नुसतं जागा भरायला. तरी काही गोष्टी बऱ्यापैकी खात्रीने सांगता येतात.

अफूचं फूल, आयरिस, एकेकटी रोपटी ओळीने, हे मुघल दरबाराचं वळण, शाहजहानच्या काळापासून कपड्यावर, दगडावर, पुस्तकाच्या कडेला तेच दिसतं. मालकाला सांगायचं असतं की माझी ऊठबस तिकडे आहे. मासा हा माही-मरातिब या मानचिन्हामुळे मानाचा, तो मान बादशहाकडून मिळायचा, म्हणून मासा दिसला की मिळालेला किंवा हवासा वाटलेला दर्जा असं धरतो. सूर्य तर प्रत्येक राजवंशाला आपलाच वाटतो. पण सूर्याबरोबर फणा काढलेले नाग दिसले तर आपल्याकडे कान टवकारतात, कारण ते शिंद्यांचं चिन्ह. अशा वेळी काम किती नीट आहे ते बघा, सरकारी वस्तूवर चिन्ह नेटकं असतं, नंतर कुणीतरी हौसेने कोरलेलं असेल तर नागाचा फणा पळीसारखा दिसतो.

शिकारीची दृश्यं वेगळी गोष्ट. चित्ता हरणावर, ससाणा बगळ्यावर, सिंह बैलावर. ती मनोरंजनाची चित्रं आहेतच, पण शिकार हा राजाचा हक्क होता, जंगल कुणाचं हे दाखवायची पद्धत होती. कोटा-बुंदीकडच्या बंदुकांच्या दस्त्यावर तर कोरण्याऐवजी रंगवलेलं असतं, हिरव्या-लाल रंगात घोडेस्वार, रानडुक्कर, झाडं, वरून लाख. ते ओल्या फडक्याने पुसलं की गेलं.

८. एकाच बंदुकीवर गणपती पण आहे आणि फारसी पण लिहिलंय. मग ती हिंदूंची की मुसलमानांची?

बंदुकीची होती. कारागीर एका धर्माचा, मालक दुसऱ्या, दरबाराची कागदपत्रांची भाषा फारसी, हे आपल्याकडे नेहमीचंच होतं. फारसीत बऱ्याचदा फक्त शस्त्रागाराची नोंद, वजन किंवा नाव असतं, प्रार्थना नसते. शिवाय बंदुका हात बदलायच्या, लुटीत, नजराण्यात, खरेदीत, आणि नवा मालक जुनं पुसण्यापेक्षा आपलं वर टाकायचा. गणपती, हनुमान, देवी या आकृती कान्याजवळ जास्त दिसतात. आमचं आपलं मत असं की जिथे धोका सगळ्यात जास्त, म्हणजे मागून नळी फुटली तर तोंड जाईल, तिथेच देव बसवलाय.

९. कोरलेले आकडे साल आहेत का? कसं वाचायचं?

आकडे चार प्रकारचे असू शकतात: साल, वजन, शस्त्रागारातला नंबर, किंवा किंमत. अकबराच्या शस्त्रागारात प्रत्येक बंदुकीवर लोखंडाचं वजन, कारागिराचं नाव, जागा, महिना, साल असं टाकायची पद्धत होती, म्हणजे ही सवय जुनी आहे.

साल असेल तर कोणतं ते ठरवा. विक्रम संवत असेल तर ५७ वजा करा (आपल्या ग्वाल्हेरकडे हेच जास्त). शके असेल तर ७८ मिळवा. मराठी कागदात येणारा शुहूर सन असेल तर ५९९ मिळवा. हिजरी चांद्र असल्यामुळे सरळ बेरीज चालत नाही, अंदाजासाठी हिजरी १००० म्हणजे १५९१-९२ एवढं लक्षात ठेवा. आणि टिपूच्या नाण्यांवर तर मौलूदी सालाचे आकडे उजवीकडून डावीकडे वाचावे लागतात, त्यामुळे १२१५ च्या जागी ५१२१ दिसलं तरी घाबरू नका.

१०. बंदुकांना नावं असायची म्हणतात, खरं का?

हो. अकबराची आवडती बंदूक संग्राम, चित्तोडच्या वेढ्यात (१५६७-६८) किल्ला लढवणाऱ्या जयमलला त्याने तिनेच टिपलं असं मुघल इतिहासकार सांगतात. जहांगीरकडे दुरुस्तअंदाज होती. तोफांना तर नावाशिवाय गत नव्हती, जंजिऱ्याची कलाल बांगडी आपल्याला माहीत आहेच. ज्याला नाव असतं त्याला शिंगार होतो, नजर लागते, पूजा होते, त्यामुळे नक्षीचा आणि नावाचा संबंध जवळचा आहे.

११. मराठ्यांच्या बंदुका एवढ्या साध्या का? शिंद्यांच्या तोफांवर तरी नक्षी होती का?

यावर आमच्यात भांडणं होतात. माझं म्हणणं असं की मराठ्यांनी शिंगाराचा खर्च तलवारीवर आणि घोड्यावर केला. बंदूक गारद्याच्या हातात, तलवार सरदाराच्या. सरदाराच्या शिकारीच्या बंदुका सुंदर आहेत, पण त्यातल्या बऱ्याच राजपुताना किंवा दख्खनमधून आलेल्या.

महादजी शिंद्यांनी द बॉयन्य या युरोपी सेनापतीच्या हाताखाली जे कवायती सैन्य उभं केलं त्याच्या तोफा आग्र्याला सँगस्टर नावाच्या स्कॉटिश माणसाच्या देखरेखीखाली ओतल्या जायच्या. त्या युरोपी धर्तीच्या, एका मापाच्या, कामाच्या तोफा, वाघबिघ काही नाही. १८०३ च्या असईला वेलस्लीचं कंबरडं मोडत आलं होतं ते या साध्या तोफांनी. म्हणजे बघा, शिंगार कमी होत गेला तसा मारा वाढत गेला.

पुढचा भाग जरा कडू आहे. २९ डिसेंबर १८४३ ला एकाच दिवशी महाराजपूर आणि पनिहार इथे ग्वाल्हेरच्या सैन्याचा पराभव झाला, आणि जिंकलेल्या तोफांच्या धातूपासून इंग्रजांनी आपल्या सैनिकांसाठी सहा टोकांचं पदक केलं, ग्वाल्हेर स्टार. तांबूस तारा, मधे छोटा चांदीचा तारा, त्यावर लढाईचं नाव आणि तारीख. ज्या तोफांवर आपण नक्षी काढली नाही त्यांचे त्यांनी दागिने केले. बाजारात असं पदक दिसलं तर मागे घालायची कडी आहे का बघा, मूळची आकडी काढून नंतर रिबिनीसाठी बदललेली खूप सापडतात.

१२. बडोद्याला सोन्याच्या तोफा होत्या ही थाप आहे ना?

थाप नाही. खंडेराव गायकवाडांच्या चांदीच्या तोफा आणि नंतर मल्हारराव गायकवाडांच्या (ते १८७० ते १८७५ गादीवर होते) सोन्याच्या. आतली नळी पोलादाची, बाहेर सोनं, आणि मिरवणुकीत बैल ओढायचे. युद्धासाठी नव्हेतच. भावाने चांदीची केली म्हणून मी सोन्याची करतो, यापेक्षा खोल अर्थ शोधायला जाऊ नका, आम्ही शोधून बघितलाय. ग्वाल्हेरवाले त्यावर जेवणाच्या टेबलावरच्या चांदीच्या आगगाडीची आठवण करून देतात. ती जयविलासमध्ये जाऊन बघाच (१८७४ चा महाल), आणि तिथवर गेलाच आहात तर शस्त्रांच्या दालनात सुद्धा थोडं थांबा, सगळे झुंबरं बघून परत येतात.

१३. एवढी नटवलेली बंदूक कधी चालायची तरी का, की नुसती शोभेची?

बहुतेक चालायच्या. खूण सांगतो, कान्याजवळचं सोनं झिजून काळं पडलंय का, कान्यापाशी रंजक ठेवायच्या वाटीखाली जळाल्याच्या खुणा आहेत का, गजाचं टोक घासलंय का ते बघा. हे सगळं असून नक्षी पण शाबूत असेल तर ती वापरातली आणि जपलेली. काना पाडलेलाच नसेल तर मात्र ती सरळ शोभेची, किंवा प्रश्न १९ मधली.

१४. बंदुकीबरोबर एक हरणाच्या शिंगासारखी डबी मिळाली, ती काय?

रंजकदाणी नाहीतर बारूददान, आणि कदाचित बंदुकीपेक्षा जास्त बघण्यासारखी. मुघल हस्तिदंती रंजकदाण्यांमध्ये काय कल्पना केलीय, एका टोकाला हरणाचं डोकं, त्याच्या अंगात ससा, त्याला गिळणारा सिंह, कुठे पक्षी, असे प्राणी एकमेकांत गुंतत जातात. नक्षीत जागा थोडी आणि सगळं जंगल बसवायचं, म्हणून ही युक्ती. साध्यात साधं म्हणजे शंख-शिंपल्याची, चामड्याची किंवा बिदरीची. डबी जड लागली किंवा आत काही खुळखुळलं तर आधी प्रश्न १७ वाचा. हस्तिदंताची असेल तर प्रश्न १८.

१५. खूप काळी पडलीय. पितांबरी लावू का? चिंच? कोक?

नको नको नको. चिंच, लिंबू, कोक ही सगळी आम्लं आहेत, पोलाद खातात, आणि पितांबरी तांब्या-पितळेसाठी आहे, ती घासली की कोफ्तगिरी निघून येते कारण ती वरवर बसवलेली असते (प्रश्न ३). काळा थर म्हणजे घाण नव्हे, कित्येकदा मुद्दाम दिलेला रंग असतो. मऊ सुती कापड, कोरडं, धूळ पुसायला. लाल, भुगा पडणारा गंज असेल तेवढ्या जागी शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब, एक दिवस ठेवून पुसणं, बस. सोन्याच्या जागी तेल पण नको. लाकडाला मेण चालेल, पण दस्ता रंगवलेला असेल तर काहीच लावू नका, फोटो काढून म्युझियममधल्या जतन करणाऱ्या माणसाला दाखवा. गुंडाळायला प्लास्टिक नको, आत दमट होतं. जुनं धुतलेलं सुती धोतर सगळ्यात भारी.

१६. मग दसऱ्याला हळदकुंकू पण लावायचं नाही का? आजी ऐकणार नाही.

आजीला नाही कसं म्हणणार, लावा. खंडेनवमीला लावतात तसंच लावा, फक्त हळदकुंकू ओलं करून नळीवर नाही, दस्त्याला बांधलेल्या दोऱ्याला किंवा खाली ठेवलेल्या पाटाला लावा. झेंडू, आपट्याची पानं ओली असतात, रात्रभर नळीवर राहिली तर सकाळी डाग. आरती झाली की फुलं काढा आणि कोरड्या फडक्याने पुसा. आमच्या माहितीतल्या एका घरात आजींनी स्वतःच युक्ती काढली, पूजेला बंदुकीपुढे सुपारी ठेवतात आणि हळदकुंकू सुपारीला.

१७. जुनी बंदूक भरलेली असू शकते का? कसं कळणार?

असू शकते, आणि हा या पानावरचा सगळ्यात गंभीर प्रश्न आहे. ठासणीची बंदूक भरून भिंतीवर टांगायची पद्धत होती, आणि काळी बारूद कोरडी राहिली तर वर्षानुवर्षं पेट घेऊ शकते. खोदू नका, सळई घालून उकरू नका, तापवू नका, तोंड कुणाकडे करू नका. शंका असेल तर लायसन्सवाल्या बंदूक-दुरुस्तीवाल्याला किंवा पोलिसांना बोलवा. मुलांना फोटोसाठी हातात द्यायची तर ती रिकामी असल्याची खात्री झाल्यानंतरच.

१८. लायसन्स लागतं का? विकता येते का? अमेरिकेतल्या मुलाला पाठवता येईल का?

तीन वेगळे कायदे आहेत, एकमेकांत मिसळू नका.

शस्त्र कायदा १९५९: कलम ४५ मध्ये जुन्या बनावटीच्या, पुरातन मोलाच्या किंवा मोडक्या अशा हत्यारांना सूट आहे जी दुरुस्त करून सुद्धा चालणार नाहीत. "चालणार नाही" हे तुम्ही ठरवायचं नसतं. जिल्हाधिकारी कार्यालयाच्या शस्त्र शाखेत फोटोसहित लेखी विचारा आणि लेखी उत्तर घ्या.

पुरावस्तू कायदा १९७२: १०० वर्षं किंवा त्याहून जुनी वस्तू खासगी माणसाला देशाबाहेर नेता येत नाही, कुरिअरने नाही, बॅगेत नाही, "गिफ्ट" म्हणून पण नाही. व्यापार करायचा तर लायसन्स. काही ठरावीक प्रकारांची नोंदणी पण करावी लागते, तुमची वस्तू त्यात बसते का ते नोंदणी अधिकाऱ्याला विचारा.

वन्यजीव संरक्षण कायदा १९७२: दस्त्यावर हस्तिदंत असेल तर इथे अडतं. १९८६ च्या दुरुस्तीने भारतीय हस्तिदंताचा व्यापार बंद झाला, १९९१ ला आफ्रिकन पण. जुना असला तरी विकता येत नाही. हस्तिदंत काढून बंदूक विकू अशी आयडिया एका सद्गृहस्थांनी मांडली होती. वस्तू पण गेली आणि गुन्हा पण होईल, नको.

१९. हायवेवरच्या दुकानातून "राजस्थानी अँटिक" घेतली. खरी आहे का?

शक्यता कमी. स्क्रूच्या डोक्यावर अधिक चिन्ह असेल तर झालंच, सांगायला नको. वेल्डिंगचे फुगवटे, काना नुसता खड्डा, चाप हलत नाही, नळीचं भोक दोन बोटं आत गेल्यावर बंद, पितळेच्या ठोकलेल्या पट्ट्यांवर सगळीकडे तोच मोर, गंज सगळ्या बाजूंनी एकसारखा, ही सगळी आजची लक्षणं. खरा गंज आळशी असतो, जिथे घामाचा हात लागतो आणि जिथे पाणी साचतं तिथेच बसतो. "हस्तिदंतावर" गरम सुई लावून बघा असं लोक सांगतात, ते करू नका, खरं निघालं तर खरं जाळलंत.

अवघड प्रकार वेगळाच: नळी खरी जुनी, दस्ता नवा, आणि नक्षी त्याहून नवी. एकोणिसाव्या शतकातच साहेबलोकांना विकायला जुन्या साध्या नळ्यांवर कोफ्तगिरी चढवून दिली जायची. याला खोटं म्हणायचं का? आम्ही म्हणत नाही. ती पण आता सव्वाशे-दीडशे वर्षांची झाली, आणि साहेबाला काय "हिंदुस्तानी" वाटायचं हे तिच्यावरून कळतं: मोर, कमळ, हत्ती गच्च भरलेले, एक बोट मोकळी जागा नाही. प्रश्न १ मधली मोकळी नळी आठवा, दरबारी कामात श्वास घ्यायला जागा असते.

२०. नळीवर किंवा कुलपावर (चाप-घोड्याच्या यंत्रणेवर) इंग्रजी खुणा आहेत, बदामात चार अक्षरं, दुसरीवर मुकुट धरलेला सिंह.

बदामाचे चार भाग आणि त्यात व्ही, ई, आय, सी, ही ईस्ट इंडिया कंपनीची खूण. साधारण १८०८ नंतर तिच्या जागी मुकुट धरून उभा असलेला सिंह आला. कंपनीच्या कुलपाला देशी नळी आणि देशी दस्ता लावलेल्या मिश्र बंदुका पुष्कळ आहेत, त्या सगळ्या खोट्या नसतात, कुलूप चांगलं म्हणून घेतलं, बाकी घरचं. पण सरहद्दीकडच्या कारखान्यांनी या खुणा इतक्या नकला करून मारल्यात की अक्षरं उलटी, सिंहाचा बोकड झालेला असेल तर समजून घ्या. तसंच "लाझारिनो" हे नाव इटलीतल्या ब्रेशियाकडच्या कोमिनाझ्झो घराण्याच्या नळ्यांवरचं, आणि तेव्हाच युरोपभर त्याची नक्कल व्हायची, त्यामुळे नुसत्या नावावर उडी मारू नका.

२१. आम्ही तीन भाऊ. वाटणीत एकाला नळी, एकाला चांदीच्या पट्ट्या, एकाला रंजकदाणी असं ठरलंय. चालेल ना?

कायद्याने काय चालतं ते वकिलाला विचारा, आम्ही फक्त बंदुकीच्या बाजूने बोलतो. पट्ट्या काढल्या की दस्त्याचं लाकूड फाटतं, नळी बांधणारी तार तुटली की तशी परत बांधणारा माणूस शोधावा लागतो, आणि वेगळ्या झालेल्या तुकड्यांची ओळख पटवणं दहा वर्षांनी तुमच्याच मुलांना जमणार नाही. एकाकडे पूर्ण ठेवा, दुसऱ्या दोघांना दुसरं काही द्या. नोंदणी झालेली पुरावस्तू असेल तर मालकी बदलल्याचं नोंदणी अधिकाऱ्याला कळवावं लागतं, ते विसरू नका. वाटणीच्या कागदावर "एक जुनी बंदूक" एवढंच लिहू नका, लांबी, खुणा, नक्षी आणि दोन्ही बाजूंचे फोटो जोडा. आणि काढलेल्या पट्ट्या सोनाराकडे गेल्याच असतील तर आजच्या आज जाऊन आणा, तो उद्या सकाळी भट्टी लावतो.